पाणी तोडणारे मामा

माझ्या मामांनी आयुष्यात कोणालाही कोणतीही गोष्ट मागितल्याबरोबर दिलेली नाही. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत आडमुठ्या माणसांचं पीक बारमाही जोरदार असतं, पण त्यातही आमचे मामा म्हणजे निवडक माल. वलगावच्या पुढे अचलपूरच्या वाटेवर त्यांची संत्र्याची बाग आहे, आणि त्यांचं सगळं तत्त्वज्ञान त्या बागेतून निघालेलं आहे. आंबिया बहर, म्हणजे हिवाळा सरतानाचा फुलोरा, धरायचा तर थंडीत झाडांचं पाणी तोडावं लागतं. झाड तहानतं, पानं मलूल होतात, काही गळतात. याला ताण देणं म्हणतात. मग जानेवारी सरता सरता पाणी सोडलं की तेच झाड फुलांनी भरून जातं. मधेच पाणी मिळालं तर मात्र नुसती पालवी फुटते, फूल येत नाही. तिकडचा प्रत्येक बागाईतदार हे करतो आणि आपल्या कामाला लागतो. मामांनी मात्र त्याचा धर्म केला. जे झाडाला लागू ते माणसालाही, असं ठरवून त्यांनी घरादाराला आणि नात्यागोत्याला कायमचं ताणावर ठेवलं.

पाहुणा ओट्यावर टेकला की मामी आत चहा ठेवते. चहा होतो, मामी कप घेऊन दारात येते, आणि मामा तिला नुसत्या डोळ्यांनी परत पाठवतात. "घसा सुकू द्या जरा. मंग चहा चहासारखा लागते," हे त्यांचं शास्त्र. कंटाळून पाहुणा उठला की कप येतो. तोवर चहाचा काढा झालेला असतो. मामीने एकदा मिक्सर मागितला होता. मामांनी तो आणला तेव्हा बिचारीचा पाट्या-वरवंट्यावर जीव जडला होता. मी बारावीला पहिल्या वर्गात पास झालो म्हणून पेढे घेऊन गेलो, तर त्यांनी पेढा खाल्ला, बोटं पुसली आणि बागेत चालते झाले. नंतर मामीजवळ म्हणाले, "पोराचं तोंडावर कौतुक केलं का ते पालवीवर जाते. फूल धरत नाई." मी आता पन्नाशीला टेकलो, पण मला अजून फूल धरलेलं नसावं, कारण ते कौतुक झालेलं नाही.

अशा माणसाचा हाडवैरी एकच, हिवाळ्यातला पाऊस. अलीकडे तो दर थंडीत येतोच. कापून ठेवलेली तूर भिजते, बोंडातला कापूस काळा पडतो, उभा गहू लोळतो, आणि गाव कपाळाला हात लावून बसतं. मामांचं दुःख त्याहून निराळं होतं. "म्या जीव खाऊन झाडं तहानवली, आन हा कोन टिकोजीराव लागून गेला पानी पाजनारा?" आपल्या लेकराला शेजाऱ्याने परस्पर बिस्किटं चारावीत, तसा त्यांना त्या पावसाचा राग यायचा. आभाळाशी ते अरे-तुरेतच बोलत.

अशा मामांच्या मुलीसाठी, प्रणालीसाठी, मी स्थळ नेलं. यावरून माझ्या अकलेची कल्पना यावी. मुलगा मूर्तिजापूरचा, मोटारपंप दुरुस्तीचं दुकान, घरची थोडी शेती. पोरांनी एकमेकांना पसंत केलं, मुलाकडच्यांचा होकार दिवाळीआधीच आला, आणि मामांनी पाणी तोडलं. ना हो, ना नाही. "पोरीच्या बापानं लगेच मान हालवली का लोकायले वाटते, माल पडून हाय," असं मलाच शिकवायला लागले. प्रणाली मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "दादा, बाबा झाडाले पानी सोडतीन तवाच हो म्हनतीन. ते लोक थांबतीन का तोवर?" ती रडकुंडीला आली होती. ते लोक थांबणार नव्हते. अकोल्याचं दुसरं स्थळ त्यांच्याकडे येऊन बसलं होतं. मुलाच्या वडिलांनी मला बजावलं, "एक डाव येतो, हो का नाई ते तोंडावर आयकतो, आन विषय मिटवतो."

जानेवारीतल्या एका दुपारी मी बापलेकांना घेऊन गेलो. मामांनी त्यांना बसवलं आणि संत्र्यावरच्या कोळशी रोगाबद्दल बोलायला सुरुवात केली. मामी कप घेऊन आली आणि परत गेली. मुलाचे वडील घड्याळ बघायला लागले होते. दाराआड प्रणालीच्या बांगड्या वाजत होत्या. मला तर मामांना कोळशीसकट विहिरीत ढकलावंसं वाटत होतं. तेवढ्यात आभाळ अंधारून आलं, जोराची सर कोसळली आणि मागोमाग गारा सुरू झाल्या.

मामा वाक्य अर्धवट टाकून उघड्या डोक्याने बागेत धावले. काळ्या मातीत चार पावलांत त्यांचे पाय मणभर झाले. झाडांमध्ये उभं राहून ते वर तोंड करून ओरडत होते, "बस कर न बे. कोनं बलावलं तुले?" गारा टाळक्यावर बसत होत्या, पण हलायचं नाव नाही. मुलाने इकडेतिकडे पाहिलं, पडवीतलं लोखंडी घमेलं स्वतःच्या डोक्यावर पालथं घातलं, दुसरं हातात घेतलं आणि धावला. ते मामांच्या डोक्यावर धरून, ठणठण आवाज करत, त्याने त्यांना ओढत ओट्यावर आणलं.

मामा निथळत उभे राहिले. "गेला ताण. आता नुसती पालवी फुटन," ते भिंतीकडे बघत म्हणाले. मग मुलाच्या वडिलांकडे वळले. "पाव्हने, माह्याकून हो हाय."

मुलाच्या वडिलांनी धोतराचा सोगा नीट केला. "आता आमाले बी इचार करा लागन. सांगू दोन-तीन महिन्यानं."

मामांचं तोंड पाहण्यासारखं झालं. क्षणभर मला उकळ्या फुटल्या. पण दारात प्रणाली उभी होती, आणि तिच्याकडे पाहून माझा सगळा आनंद ओसरला.

तिने कोणाला विचारलं नाही. चहाचा ट्रे घेऊन ती थेट मुलाच्या वडिलांपुढे गेली. "काका, मी बाबासारखी नाई. मी लगेच सांगतो. मले तुमच्या घरी याचं हाय. आता तुमी बी लगेच सांगा, नाईतर चहा परत नेतो."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, कप उचलला आणि एक घोट घेतला. "तारीख काढा," ते म्हणाले.

त्या वर्षी बागेत फूल दिसलं नाही. झाडं मात्र हिरवीगार, पालवीने लदबदलेली. उन्हाळ्यात लग्न झालं. प्रणाली निघाली तेव्हा सगळे रडले आणि मामा मांडववाल्याशी दोरीवरून भांडत राहिले. ते पाहून मला त्यांचा राग यायला हवा होता. तो आला नाही.

आता पोरीला उगीच फोन करणं मामांच्या शास्त्रात बसत नाही. काहीतरी कारण लागतं. म्हणून हिवाळ्यात पाऊस आला की ते लगेच मूर्तिजापूरला फोन लावतात. "तिकडं बी पडून राहिला का? तूर झाकली का तुमी?" ती सांगते, झाकली. मग मामा म्हणतात, "बरं, ठेवतो," आणि ठेवत नाहीत.

मागच्या आठवड्यात दिवसभर आभाळ भरून होतं, पण बरसलं नाही. मामी सांगत होती, मामा फोन मांडीवर घेऊन अंधार पडेपर्यंत ओट्यावर बसून होते.