बोटीवरून आलेली तार

आमचा थोरला भाऊ, अण्णा, मालवाहू बोटीवर बिनतारी यंत्र चालवायचा. आम्ही बाकीचे हैदराबादला बरकतपुऱ्यात. देश स्वतंत्र झाला होता, पण आमचं संस्थान अजून सामील झालं नव्हतं. शहरात धास्ती होती. मोहल्ल्यातली मराठी घरं कुलपं लावून सोलापूरकडे निघाली होती.

बाबांना दमा होता. सरहद्दीवरून माल येईनासा झाला आणि सगळा बेगम बाजार पालथा घातला तरी त्यांचं औषध मिळेना. आईने अण्णाला तार केली: बाबा आजारी, ये. मुंबईच्या किनाऱ्यावरून ती बिनतारी यंत्राने बोटीवर गेली. उतरवून घेणारा अण्णाच. परक्यांचे निरोप लिहावेत तसा त्याने आपल्याच घरचा निरोप एकेक अक्षर ऐकत लिहिला. बोट एडनच्याही पुढे गेली होती. तरी त्याने उलट कळवलं, ‘निघालो आहे. वाट पाहा.’

ती तार ऐकून बाबा उठून बसले, पोटभर जेवले. पुढे मामा आम्हाला सोलापूरला न्यायला आला. तिकडे औषध मिळतं, म्हणाला. बाबांनी साफ नकार दिला. पोरगा यायचा आणि दाराला कुलूप असायचं, हे त्यांना चालणार नव्हतं. मामा एकटाच परतला. नंतर गाड्या बंद पडल्या आणि बाबा औषधावाचून गेले.

फौजा आल्या, संस्थान विलीन झालं, गाड्या सुरू झाल्या, तेव्हा कुठे अण्णा पोचला. आईचं मोकळं कपाळ पाहून उंबऱ्यातच बसला. बोट लांब आहे हे तार पाठवताना ठाऊक होतं, म्हणाला; पण ‘उशीर होईल’ एवढं कळवायला हात धजला नाही.

“मी खरं सांगितलं असतं तर तुम्ही मामाबरोबर गेला असता.”

आई म्हणाली, “हौ, गेलो असतो. पण त्या दिवशी ते जेवले, ते तुझ्या तारेमुळेच.”

तेराव्याला न आलेला मामा तेव्हा भेटायला आला. अण्णाने त्याला एकच विचारलं, सोलापूरला औषध खरंच मिळत होतं का. मामा नजर चुकवत म्हणाला, छे, तिकडेही नव्हतं. अण्णाने मान हलवली.

तो बोटीवर परत गेला नाही. गौलीगुड्यात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. मामाने किती वेळा बोलावलं, पण सोलापूरला त्याने कधी पाऊल टाकलं नाही.