मायच्या पायासाठी कावड

नारू म्हणजे काय, हे आता माझ्या नातवंडांना समजावून सांगावं लागतं. बरं झालं! पायाला फोड यायचा, फुटायचा, आणि त्यातनं पांढऱ्या दोऱ्यासारखा जिता किडा डोकं बाहेर काढायचा. त्याला काडीला गुंडाळायचं आणि रोज अर्धं बोट, एक बोट असं हळूहळू ओढायचं. पाय जास्त हलला की तो तटकन तुटायचा, अन् आत राहिलेला तुकडा पाय सडवायचा. म्हणून नारू झालेल्या माणसानं बसून राहायचं. माणसानं म्हणजे बाप्यानं. बाईला कोण बसू देतंय?

तेरच्या अलीकडं आमचं गाव. राज्य निजामाचं. प्यायच्या पाण्याला एक पायऱ्यांची बारव. बायका नारूचे पाय घेऊनच घोटाभर पाण्यात उतरायच्या, घागरी भरायच्या, आणि तेच पाणी गाव प्यायचं. एकदा सरकारी दवाखान्यातला कंपौंडर आला. "बावडी में पाँव नक्को डालो, पानी कपडे से छान के पीओ," म्हणाला. माझी आजी, बापाची आई, फटकन म्हणाली, "मग उडत भरू व्हय रे पाणी?" सगळ्या बायका हसल्या. मीही हसले.

मी नऊ वर्षांची असताना, उन्हाळ्यात, मायच्या डाव्या पायाला नारू झाला. तिसऱ्याच दिवशी आजीनं घागर तिच्यापुढं सरकवली. "बाईमाणूस बसलं तर चूल बसती," म्हणाली. बारवेच्या पायरीवर नारू तुटला. गुडघा जो आखडला तो आखडलाच. अन् पुढच्याच चैतात उजव्या पायाला फोड आला. हाही पाय गेला तर माय जन्मभर जमिनीवर सरकत राहणार, हे मला दहा वर्षांच्या पोरीलासुद्धा कळत होतं. आमच्या आळीत तशी एक बाई होती. तिला बघितलं की मी वाट बदलायचे.

"पाण्याला मी जाते," मी म्हटलं. पण माझी कळशी ती केवढी, अन् घरात माणसं सहा! दिवसभर खेपाच खेपा. चौथ्या दिवशी पायरीवरनं घसरले, कोपर फुटलं. घरी येऊन बघते तर माय भिंत धरून उठलेली, काखेत घागर, पायाला नारूची काडी बांधलेली. "पोरीचा जीव घेऊ का मी?" म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. घागर हिसकून घेतली. "खाली बस! उठलीस तर बारवेत उडी टाकीन," असं बोलले अन् तशीच तरातरा मळ्यात गेले.

बाप मोट हाकत होता. सकाळपासून कांद्याला पाणी चाललेलं. मोटेचे बैल ज्या उतारावर ये-जा करतात त्या धावेवर मी मधोमध उभी राहिले. बैल थांबले.

"सरक, मरशील!"

"कांद्याला दिवसभर पाजताय न्हवं? मायला दोन घागरी पाजा. तिचा नारू निघंस्तवर पाणी तुमी आणायचं."

"येड लागलं का तुला? बाप्यानं घागर उचलली तर गाव तोंडात शेण घालंल."

"माय सरकत चालली तर न्हाय घालणार?"

थाडकन गालात बसली. पलीकडच्या बांधावरचा चुलता दात काढायला लागला. गाल पेटला होता, पण मी हटले न्हाय. आमच्याकडं चैतात बाप्ये खांद्यावर कावड घेऊन महादेवाला पाणी घालतात. बांबूच्या दोन टोकांना दोन घागरी. त्याची कुणाला लाज न्हाय, उलट वाटेनं लोक पाया पडतात. बापाची कावड आठच दिवसांपूर्वी देवाहून परत आली होती.

"महादेवाला पाणी वाहता तवा बाप्येपण जात न्हाय व्हय? तो तर दगडाचा! त्याला तहान तरी लागती का?"

बापानं कासरा खाली टाकला. मग त्यानं बैल सोडले, घरी गेला आणि कावड घेऊन आला. मोटेच्या पाण्यानं दोन्ही घागरी भरल्या अन् भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, वेशीतनं गावात शिरला. आजीनं ऊर बडवून घेतलं. "देवाची कावड बाटवली की रं!" बाप म्हणाला, "बास कर, आई," आणि घागरी रांजणात ओतल्या.

बारा दिवस त्यानं पाणी आणलं. मळ्यातल्या त्या विहिरीत कुणाचा पाय पडत नव्हता, म्हणून त्या पाण्यात नारू नव्हता, हे मला लई मागनं उमगलं. माय बसून होती, पण चोरासारखी, कुणी आलं की पदरानं पाय झाकायची. बाराव्या दिवशी नारू आख्खा निघाला. ती काडी हातात धरून ती हमसून हमसून रडली, अन् मीही रडले.

पुढच्या चैतात बाप कावड घेऊन महादेवाला निघाला तेव्हा माय आणि मी संगं होतो. देवळाच्या पायथ्याला चार जाणत्यांनी त्याला अडवलं. "ही कावड बायकोच्या पाण्याला लावलेली. देवाला चालायची न्हाय." बाप मान खाली घालून उभा. माझी जीभ वळवळायला लागली होती, तेवढ्यात मायच पुढं झाली. चार माणसांत कधी तोंड न उघडलेली बाई.

"ह्याच कावडीनं माझा पाय राखलाय," ती म्हणाली. "देवाला चालत नसंल, तर देवानं बारवेत उतरून आपलं आपण भरावं."

अडवणारे बाजूला सरले. मायनं पदर खोचला आणि पायऱ्या चढायला लागली. उजवा पाय आधी टाकायची, मग डावा ओढून घ्यायची. बाप कावड घेऊन तिच्या मागनं चढला.