पायाळू मावशीचे हात

जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत जेवढ्या म्हणून दुखऱ्या पाठी असतील, त्यांतल्या निम्म्या तरी माझ्या मावशीच्या ओळखीच्या आहेत, असं मी छातीठोकपणे सांगतो. माणसं ओळखीची आहेत असं मी म्हणत नाही, पाठी म्हणतोय. चेहऱ्यांच्या बाबतीत मावशीचा सगळा आनंदच आहे. गेल्या वर्षी एका लग्नात मुलाचे वडील आमच्यासमोर हात जोडून उभे राहिले. या गृहस्थांची कंबर मावशीनं चार महिने खपून सरळ केली होती, आणि ते "या मावशी, या मावशी" म्हणून विरघळत होते. मावशी त्यांच्याकडे परक्या माणसाकडे पाहावं तशी पाहत राहिली. शेवटी बिचारे खजील होऊन दुसऱ्या पाहुण्यांकडे वळले, त्यांची पाठ आमच्याकडे झाली, आणि मावशी भर मांडवात ओरडली, "अरे, तू होय! डावा खांदा अजून वरच ठेवतोस की मेल्या!"

तिच्याबरोबर रस्त्यानं चालणं म्हणजे एक परीक्षाच. पुढून जाणाऱ्या माणसाच्या चालीवरून ती त्याचं अर्धं आयुष्य सांगते. हा रात्रभर एकाच कुशीवर झोपतो, ही पोराला नेहमी डाव्याच कडेवर घेते, हा मास्तर दिसतो, फळ्याकडे मान वळवून वळवून आखडलाय. (मी भूगोल शिकवतो, त्यामुळे शेवटचं वाक्य बहुधा मलाच असतं.) रिक्षावाल्यांचा तर तिनं धसकाच घेतलाय, किंवा त्यांनी तिचा. शेजारी एक जादा प्रवासी बसवून, अर्ध्या सीटवर तिरकं बसून रिक्षा चालवणारा दिसला की मावशी आत बसायच्या आधी त्याला खाली उतरवते. "मागच्या खिशातलं पाकीट काढ. पुढच्या खिशात घाल. आता सरळ बस. हं, चल." आमच्या कॉलनीच्या नाक्यावरचे सगळे रिक्षावाले आता ताठ बसतात. मावशी कोपऱ्यावर दिसली की पाकिटं मागच्या खिशांतून पुढे येतात.

मावशीच्या कामाला मालीश म्हटलेलं तिला खपत नाही. "खरारा घोड्याला करतात, मालीश डोक्याला करतात. मी यातलं काही करत नाही," असं ती बजावते. मग काय करतेस, असं विचारलं तर म्हणते, "दुधावरची साय बघितली आहेस? ती बोटानं सरकवायची, पण फाटू द्यायची नाही. तेवढंच करते." आणि खरंच, ती तेवढंच करते. दुखऱ्या पाठीवर दोन तळवे ठेवते आणि डोळे मिटून बसते. दाबत नाही, चोळत नाही, कडकड आवाज तर मुळीच काढत नाही. कातडीखाली कुठे आखडलेलं आहे ते शोधते, तिथे हात ठेवून वाट बघते, आणि ते सैल व्हायला लागलं की त्याच्या मागोमाग सावकाश हात सरकवत नेते. गंमत म्हणजे या वेळी ती माणसाशी बोलतच नाही, त्याच्या पाठीशी बोलते. "घाबरू नकोस. मी काही ओढणार नाही. सोड हळूहळू." माणूस मान वळवून "मला काही म्हणालात का?" असं विचारतो, तर ती म्हणते, "तुला नाही रे, तू पडून राहा."

दाळमिलमधला एक हमाल एकदा तिच्याकडे आला होता. दरवाजातून आत यायला त्याला तिरकं व्हावं लागलं, एवढा आडवा माणूस. दोन आठवडे कंबर धरलेली, वाकता येईना, म्हणून चपला घालायला-काढायला बरोबर एक जोडीदार आणलेला. आजवर त्याची कंबर गावोगावच्या लोकांनी तुडवलेली होती, त्यामुळे मावशीही किमान गुडघा तरी रोवेल अशी त्याची अपेक्षा. तो पालथा पडून राहिला, आणि बऱ्याच वेळानं काकुळतीला येऊन म्हणाला, "मावशी, हात कव्हय लावशात?"

"हात लाईसन दहा मिनिटं व्हयी गयात, भाऊ," मावशी म्हणाली. धुळ्याला दवाखान्यात नोकरी केल्यामुळे एरवी तिची भाषा पुस्तकी असते, पण लहर लागली की ती अहिराणीतही उत्तर देते.

अर्ध्या तासानं तो उठला. तोंडावर साफ फसवले गेल्याचा भाव. "काहीच त करं नही तुम्ही," असं पुटपुटत बाहेर गेला, आणि वाकून स्वतःच्या हातानं चपलेचा पट्टा लावायला लागला. जोडीदार दुसरी चप्पल हातात घेऊन तसाच उभा. दोघंही एकदम थांबले आणि एकमेकांकडे बघत राहिले. मावशी आत हात धूत होती. तिनं हे पाहिलंसुद्धा नाही. मी पाहिलं, आणि मला असं वाटलं की ही बाई आपली मावशी आहे हे रस्त्यावर जाऊन चार लोकांना सांगावं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, ती म्हणजे एवढ्या हळुवार हातांची ही बाई एके काळी लाथेसाठी प्रसिद्ध होती. मावशी पायाळू. म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेले. अशा माणसानं लाथ मारली की पाठीतली चमक जाते, असा आमच्याकडे समज आहे. पारोळ्याजवळच्या आमच्या आजोळी दर शनिवारी सकाळी घरापुढे लोक जमायचे. मावशी तेव्हा आठ वर्षांची, झिपऱ्या बांधलेली, फ्रॉकमधली. पुढे भिंतीला हात टेकून मोठमोठी माणसं वाकून उभी, आणि मागून ही काटकुळी पोर एकेकाच्या कमरेत लाथ घालत निघालेली. या सगळ्याचा कारभार तिच्या मोठ्या भावाकडे, म्हणजे माझ्या मामाकडे. रांग तोच लावायचा, कुणाला कुठे दुखतंय ते तोच विचारायचा, आणि "उजव्या बाजूला, जरा खाली" असा हुकूम सोडायचा. बहिणीच्या लाथेचा त्याला इतका अभिमान, की आसपासच्या गावांत तो स्वतः ओळखला जायचा तो "लाथवालीचा भाऊ" म्हणून.

मावशी अकरा वर्षांची असताना शेजारची एक बाई आली. मामानं जागा दाखवली, मावशीनं लाथ मारली, आणि बाई किंचाळून जी खाली बसली ती उठेचना. लोक पांगले. मामाही कुठे तरी पसार झाला. मावशी मात्र तिथेच बसली. काय करावं ते सुचेना, म्हणून तिनं त्या बाईच्या पाठीवर नुसता हात ठेवला. ती सांगते, "आधी पाठ दगडासारखी होती. मी रडत होते, पण हात काढला नाही. मग हळूहळू ती दगडाची माणसाची झाली. तिचा श्वास माझ्या हाताखाली खाली खाली उतरत गेला." बाई आठ-दहा दिवसांनी हिंडू-फिरू लागली. पण मावशीनं त्या दिवसापासून कुणाला लाथ मारली नाही. मामानं विनवलं, धमकावलं, शेवटी अबोला धरला. देवानं दिलेली देणगी हिनं मातीत घातली, हे त्याचं म्हणणं पुढची पन्नास वर्षं टिकलं.

दहावीनंतर मावशी धुळ्याला एका दवाखान्यात आया म्हणून लागली. तिथे व्यायामोपचाराच्या एक वयस्क डॉक्टरीणबाई होत्या. पलंगावरच्या रुग्णाला कुशीवर वळवताना मावशीचे हात कसे पडतात, ते त्यांनी पाहिलं आणि तिला आपल्या हाताखाली घेतलं. स्नायू कुठून निघतो, कुठे जातो, कुठली नस कुठे उतरते, हे सगळं त्यांनी तिच्याकडून घोकून घेतलं. आणि कोणत्या पाठीला हात लावायचा नाही, हे सगळ्यात आधी शिकवलं. मावशी म्हणते, "बाकीचं विसरले असते तरी चाललं असतं. ते विसरून चाललं नसतं."

चार वर्षांपूर्वी त्याचा प्रत्यय आला. विहिरीतली मोटर वर ओढताना मामाच्या कमरेत काहीतरी झालं आणि तो जागीच कोसळला. मला फोन आला तो मामाचाच. कण्हत कण्हत म्हणाला, "तुनी मावशीले लई ये. आते तरी येई का इचार." मी जळगावहून मावशीला गाडीत घातलं आणि एरंडोल मागे टाकून तासाभरात गावी पोचलो. पाहतो तर अंगणात ही गर्दी. पायाळू बहीण येणार, म्हणजे पन्नास वर्षांनी लाथ बसणार, अशी बातमी गावभर झालेली. जुनी माणसं तर पुढची जागा धरून बसली होती.

मामा बाजेवर पालथा पडला होता. मावशीला पाहून एकदम लहान मुलासारखा बोलला, "माय, एक लाथ मार. एकच. बठ्ठा गाव देखाले उना शे."

मावशीनं त्याला उताणं केलं. "अंगठा वर कर," म्हणाली. मामानं दात-ओठ आवळले. डाव्या पायाचा अंगठा हलला, उजव्याचा हललाच नाही. तिनं सगळ्यांना अंगणातून बाहेर जायला सांगितलं, दोन्ही मांड्यांना आतून बोट लावून "इथे कळतं का? इथे?" असं विचारत गेली. मामाला कळत नव्हतं. मग तिनं अगदी हलक्या आवाजात विचारलं, "लघवी झाली का सकाळपासून?" पंच्याहत्तरीकडे झुकलेला माझा मामा बहिणीसमोर लाजला आणि त्यानं मानेनंच नाही म्हटलं.

मावशीचा चेहरा इतका कठोर झालेला मी कधी पाहिला नव्हता. "गाडी दाराशी लाव," ती मला म्हणाली. "याची नस दबली आहे. आजच्या आज मोठ्या दवाखान्यात."

बाहेरून कुणीतरी ओरडलं, "अक्का, एकदा हात तरी लावा!"

"हे हातांचं काम नाही."

"माले दवाखानामा नही जानं," मामानं बाजेची कड घट्ट धरली. "मी तुले बलावं, डॉक्टरले नही."

मावशी त्याच्या उशाशी वाकली. "लहानपणी तू दाखवलंस तिथे मी लाथ मारली," ती म्हणाली. "कधी उलट बोलले नाही. आज मी म्हणते तिथे तू यायचं." मामानं बाजेची कड सोडली. चौघांनी फळीवर घालून त्याला गाडीत आणलं. जळगावला पोचेपर्यंत मावशी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, आणि मला प्रत्येक खड्ड्यागणिक शिव्या देत होती.

त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. बाहेर येऊन सर्जन म्हणाले, उद्यावर गेलं असतं तर पाय गेले असते, शिवाय बरंच काही. "वेळेत ओळखलं कुणी? कोण डॉक्टर?" मी म्हणालो, "माझी मावशी." ते दोन शब्द उच्चारताना माझी मान जेवढी ताठ होती, तेवढी मावशीला आयुष्यात कधी करता आली नाही.

गावाला मात्र हे पटलं नाही. सख्ख्या भावाला हिच्याकडून बरं करवलं नाही, त्याला चिरावं लागलं, असा बोभाटा झाला. दोन-तीन महिने मावशीकडे येणारी माणसं कमी झाली. तिला त्याचं काही नव्हतं. डॉक्टरांनी परवानगी दिल्यापासून दर आठवड्याला एसटीनं ती पारोळ्याला जायची, तिथून पुढे गावी, आणि मामाच्या टाक्यांभोवतीची आखडलेली कातडी तासभर हळूहळू सोडवत बसायची. पहिले काही आठवडे भाऊ-बहीण एक शब्द बोलत नव्हते. बोलायची सवयच राहिली नव्हती. मग एकदा मी गेलो, तर मामा पालथा पडल्या पडल्या तिला कपाशीवरच्या बोंडअळीची सगळी कहाणी सांगत होता आणि ती "हं, हं" करत होती. पावसाळा संपता संपता तो काठी टेकत शेतापर्यंत जायला लागला. चौकात कुणी त्याला टोकलं, तेव्हा तो म्हणाला, "तिनी हात नही लाया, म्हनीसन मी आज चाली राहिनू." हे मावशीला कुणीतरी येऊन सांगितलं. त्या दिवशी तिनं कारण नसताना वरण-बट्टीचा बेत केला आणि मला तीन बट्ट्या जास्त वाढल्या.

आता मावशीचे अंगठे दुखतात. सांधे सुजलेत, दिवसाला एक-दोन माणसांपलीकडे ती घेत नाही. परवा मी गेलो तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसली होती. मला म्हणाली, "जरा माझ्या पाठीवर हात ठेव. दाबू नको. नुसता ठेव." इतक्या वर्षांत तिनं हे पहिल्यांदाच कुणाला सांगितलं असावं. मी हात ठेवला. सुरुवातीला काहीच कळेना. मग डाव्या खांद्याखाली दोरीसारखं काहीतरी लागलं, घट्ट, कुठवर गेलंय त्याचा पत्ता नसलेलं.

"सापडलं?" तिनं विचारलं.

"हो."

"किती दिवसांचं वाटतं?"

मी त्या दोरीचं टोक शोधत हात जरा खाली सरकवला. बाहेर कुणाची तरी स्कूटर थांबली, दाराची कडी वाजली. मावशी उठली नाही. मीही हात काढला नाही.