भिंतीतून जाणारा चेंडू

विश्रांतवाडीत माझी खानावळ आहे. तिथे एक माणूस रोज कोपऱ्यात लॅपटॉप उघडून जेवायला बसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. व्हिडिओ गेम बनवायला त्याने नोकरी सोडली होती आणि बायकोने वर्षाची मुदत दिली होती. ताटातली पोळी वाळायची आणि हा पडद्यावर एकच चेंडू पुन्हा पुन्हा खाली सोडायचा.

"गेम कुठाय रे?" मी विचारायची.

"आजी, आधी इंजिन. गेम आतून ज्यावर चालतो ते. ते झालं की गेम म्हणजे दोन दिवसांचं काम."

अकरा महिने नुसता चेंडूच पडत होता.

मुदत संपायच्या आठवड्यात बायको बघायला आली. तिने चेंडू जोरात फेकला, तर तो भिंतीतून आरपार गेला. ती खदखदून हसली आणि एकेका भिंतीवर चेंडू मारत सुटली.

"अरे, हाच तुझा गेम! असाच लोकांना दे."

"अगं, ती चूक आहे." आमटीत झुरळ निघाल्यासारखं तोंड केलं त्याने.

"मग राहू दे की चूक," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी नाचतच आला. "आजी, भिंत पक्की केली!"

हल्ली तो गळ्यात कंपनीचं कार्ड घालून येतो. मला वाटलं, खचला असेल. तर म्हणतो कसा, "बरं झालं आजी. आता गेमची घाई नाही. इंजिन निवांत करता येतं."