केशरबाईची दुसरी ओळ

आमच्या पुसेगावात लग्नघरी हळद दळायला बसलं की एक बाई पहिली ओळ म्हणते आणि बाकीच्या मिळून दुसरी उचलतात. पहिली जनकाबाईची. दुसरी उचलण्यात पुढे केशरबाई. चाळीस वर्षांत अदलाबदल झाली नाही.

केशरबाई नांदायला आली तेव्हा तिच्या घोगऱ्या आवाजाला नणंदा हसायच्या. शेजारच्या जनकाबाईनं तिला जात्यापाशी ओढून बसवलं, नुसतं माझ्यामागून म्हण म्हणाली. पुढं त्याच घोगऱ्या आवाजाच्या आधारानं सगळी गल्ली गाऊ लागली. पहिल्या ओळी शिकून घे, असं जनकाबाई सांगून थकली. तुझ्या ताटातला घास मी काहून उचलू, हे केशरबाईचं ठरलेलं उत्तर. केशरबाईची नात प्रतिक्षा एकदा मोबाईलवर गाणी भरून घ्यायला गेली, तर दोघींनी तिला हाकललं. तुझ्या हळदीला समोर बसून म्हणू, असा शब्द मात्र दिला. दोघी हट्टी खऱ्या, पण आम्ही काय शहाणे होतो? आम्हीही हसत बसलो, पहिल्या ओळी कुणीच शिकून घेतल्या नाहीत.

गेल्या पावसाळ्यात जनकाबाईला लकवा मारला आणि तिची वाचा गेली.

माघात प्रतिक्षाची हळद आली. पोरं डीजे लावायच्या गोष्टी करत होती, पण केशरबाई अडून बसली. तिनं जनकाबाईला खुर्चीसकट उचलून आणवलं. बायका जमल्या. पहिली ओळ एकीलाही येईना. जनकाबाईनं तोंड उघडलं, तर नुसता श्वास बाहेर आला आणि डोळे भरले. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

केशरबाईनं जात्याचा खुंटा धरला. थोडा वेळ नुसतंच जातं फिरवलं आणि मग दुसरी ओळ म्हटली. पुन्हा तेवढाच वेळ गप्प, पुन्हा पुढची दुसरी ओळ. बायका तिच्यामागून म्हणू लागल्या. मध्ये फक्त जात्याची घरघर.

प्रतिक्षानं हळूच विचारलं, "आजी, मधी मधी थांबून काहून राहिली?"

"थांबले न्हाई, लेकरा. जनका म्हणून राहिली," केशरबाई म्हणाली. "तिची झाल्याबिगर माझी कशी येईल?"

त्या दिवशी पाच गाणी झाली, पाचही अर्धी. जनकाबाई खुर्चीत बसून मान हलवत होती.

फाल्गुनात ती गेली. अजूनही हळदीचं बोलावणं आलं की केशरबाई जाते, जात्यापाशी बसते. पोरी म्हणतात, आजी, म्हणा. ती खुंट्याला हात लावून बराच वेळ वाट बघते, आणि एक शब्द न म्हणता उठून घरी येते.