चढाचा गिअर

माझ्या नणंदबाई कवळ्या करतात. दवाखान्याच्या मागच्या खोलीत खिडकीखाली त्यांचं टेबल आहे. त्यावर मेणाचे साचे, गुलाबी हिरड्या आणि कुणाकुणाचे होऊ घातलेले दात मांडून ठेवलेले असतात. एखादा दात कागदाच्या जाडीएवढा जरी उंच राहिला, तरी माणूस आठवडाभर एकाच बाजूने जेवतो, असं त्या म्हणतात आणि तेवढ्यासाठी घासत बसतात. घरी आल्या की त्याच हातांनी दोन सायकली सांभाळतात.

या सायकली ग्रॅव्हल बाइक. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं मेंढ्याच्या शिंगागत वळलेलं, पण टायर जाड, त्यामुळे खडीच्या आणि मातीच्या रस्त्यावरही उतरावं लागत नाही. एक वन्संची, दुसरी भाऊजींची, म्हणजे त्यांच्या यजमानांची. भाऊजी बस चालवतात. आठवडाभर चाकामागे बसून सुट्टीच्या दिवशी पुन्हा चाकावरच कसे बसता, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "वहिनी, तिथे घंटी कंडक्टर वाजवतो. इथे मी वाजवतो."

बाथरूमशेजारच्या बोळात खुंट्यांना सायकली टांगलेल्या असतात. देखभाल सगळी वन्संकडे. कवळ्या घासून झिजलेल्या ब्रशांनी त्या साखळी साफ करतात, ती ताणली गेली का ते पट्टी लावून पाहतात. टायरच्या आत दुधासारखं एक द्रव्य असतं. काटा घुसला की ते गोठून भोक बुजवतं. ते आटलं की नाही हे बघायला वन्सं चाक कानाशी धरून हलवतात, नारळ घेताना हलवावा तसं. भाऊजींचं काम एवढंच, की वाटेत मागे वळून "झकास चाललीय" म्हणायचं.

स्पर्धा निवडायचं कामही वन्संचंच. स्थळ बघावं तशा त्या स्पर्धा बघतात: चढ किती, खडी बारीक की नुसते दगडगोटे, पाण्याची सोय आहे का, मागे राहिलेल्यांना गाडीत घालून आणतात की वाट बघतात. पण जंगलातली एक लांबची स्पर्धा दरवर्षी ठरलेलीच. तिच्यात जोडीने नाव देता येतं. दोघांनी शेवटची रेघ बरोबरच ओलांडायची, एकाने पुढे पळून फायदा नाही.

गेल्या वर्षी तिथल्या शेवटच्या चढावर भाऊजी उतरले आणि सायकल ढकलत वर आले. वर थांबलेल्या वन्संना म्हणाले, कुत्रं आडवं आलं, त्याला वाट दिली. ते कुत्रं दुसऱ्या कुणालाच दिसलं नव्हतं. पुढे वन्संच्या लक्षात आलं, की जिना उतरताना ते कठडा धरून आडवे उतरतात. गुडघ्याचं विचारलं की बसच्या क्लचला शिव्या घालून मोकळे होतात.

मग एकदा भाऊजी सकाळच्या पाळीला गेलेले असताना वन्संनी त्यांची सायकल खाली घेतली. मागच्या चाकाला दातेरी चकत्यांची चवड असते, तिला कॅसेट म्हणतात. ती काढून त्यांनी मोठी बसवली. तिची शेवटची चकती चांगली बशीएवढी. तिच्यावर साखळी चढली की चढावर पायाला जोर कमी लागतो, वेगही तेवढाच कमी होतो. मग साखळीही लांब हवी, साखळी सरकवणारा मागचा भागही लांब हवा. मी शेजारी उभी राहून मागतील ते हातात देत होते. भाऊजींना सांगितलंत का, असं मी विचारलंही. "सांगितलं तर नको म्हणतील," वन्सं म्हणाल्या. "चालवल्यावर कळेल."

कळलं. रविवारी भाऊजी एकटेच फिरून आले. आजवर कधी पुसली नव्हती ती सायकल स्वतः पुसली आणि खुंटीला लावली. दुपारी आम्ही नवराबायको तिथेच जेवायला होतो. पानावर बसल्यावर ते वन्संना अगदी हळू म्हणाले, "तुमच्या दवाखान्यात कवळी बसवायच्या आधी माणसाला तोंड तरी उघडायला सांगतात ना?"

आमच्या ह्यांनी उगाचच पाणी मागितलं.

यंदा तू एकटीनेच नाव दे, असं भाऊजींनी सांगून टाकलं. एकटीने जायचं तर वन्संना जायचंच नव्हतं, आणि जोडीच्या जागा भरत चालल्या होत्या. जुनी कॅसेट परत बसवते, असंही त्या म्हणून पाहिल्या. "सायकलवरून काढशील," भाऊजी म्हणाले, "तुझ्या डोक्यातून कशी निघणार?" त्यानंतर घरात बोलणं उरलं ते किल्ली कुठंय आणि नळ बंद केलास का, एवढंच.

वन्सं माझ्याकडे येऊन चिडचिडल्या. चांगलंच केलं ना मी, म्हणाल्या, मग राग कसला? मी म्हटलं, चढ जड जातोय हे त्यांना ठाऊकच होतं. ते तुम्हाला ठाऊक झालंय, हे त्यांना नको होतं. वन्संनी चहा अर्धा तसाच ठेवला आणि घरी गेल्या.

लॅपटॉप उघडून त्यांनी भाऊजींपुढे सरकवला. "या वर्षी स्पर्धा तुम्ही निवडा. जोडीने जायचं की नाही, तेही तुम्हीच सांगा." एवढं बोलून त्या गच्चीवर कपडे काढायला निघून गेल्या. वाळलेले तर काढलेच, ओलेही काढून आणले.

भाऊजींनी तलावाकाठची निवडली. जोडीने. सगळा रस्ता सपाट. असल्या स्पर्धांना वन्सं इस्त्री केलेल्या म्हणायच्या आणि यादी पुढे सरकवायच्या. जंगलातली यंदा हुकली. वन्संनी दोघांची नावं भरून टाकली.

स्पर्धेच्या दिवशी तलावावरून समोरून वारा सुटला होता. भाऊजींचं अंग आडवं, बसणंही भक्कम. ते पुढे आणि वन्सं त्यांच्या आडोशाला. सपाटीवर गुडघा कुरकुरत नव्हता, आणि भाऊजींनी वेग धरला तो सोडलाच नाही. वन्संचं मागचं चाक खडीत सरकायला लागलं, श्वास पुरेना. पुढच्याला थांबायला सांगायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. अंतर वाढत गेलं, आडोसा सुटला, तेव्हा त्यांनी हाक मारली, "अहो, हळू घ्या. मला झेपत नाहीये."

भाऊजींनी पायडल मारणं थांबवलं. वन्सं पुन्हा पाठीशी आल्यावर पुढे निघाले, वन्संच्या वेगाने. हे वन्संनीच मला नंतर सांगितलं. मी रेघेपाशी टॉवेल घेऊन उभी होते. दोघं बरोबर आली, बऱ्याच जोड्यांच्या मागून. वन्सं पटकन उतरल्या. भाऊजी एक पाय जमिनीला टेकवून उभेच राहिले. दुसरा पाय दांडीवरून पलीकडे जाईना. आजूबाजूला ओळखीची माणसं होती.

"सायकल जरा आडवी धर गं," ते म्हणाले. "गुडघा वर येत नाहीये."

वन्संनी दोन्ही हातांनी सायकल धरली आणि पार जमिनीपर्यंत कलती केली.