इंग्रजीची संथा

ब्रह्मा घाटावरच्या आमच्या घरात, खालच्या खोलीत, माझे वडील मुलांना वेद शिकवतात. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. शिकवण्याची रीत जुनी आहे. गुरूने एकदा म्हणायचं, शिष्याने दोनदा. याला संथा म्हणतात. मध्ये अडखळलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मुलींना मात्र आमच्याकडे संथा देत नाहीत. मी लहानपणी जिन्यावर बसून चोरून ऐकत असे, आणि त्याचा राग अजून माझ्या मनात आहे.

संस्कृतात एम. ए. झाल्यावर परदेशातल्या एका विद्यापीठात हस्तलिखितांवर संशोधन करायची जागा मला मिळाली. अट एकच होती. इंग्रजीच्या परीक्षेत बोलण्याच्या भागात नऊपैकी निदान सात गुण हवेत. वाचण्या-लिहिण्याची मला भीती नव्हती, पण बोलायची वेळ आली की माझी दातखीळ बसायची. घरात मराठी, गल्लीत हिंदी. इंग्रजी बोलणार तरी कुणाशी? मग मी माझ्या समजुतीने शहाणपणा केला. परीक्षेत येतील असे साठ प्रश्न काढले, पुस्तकांतून भारीभारी शब्द वेचून त्यांची उत्तरं लिहिली, ती देवनागरीत उतरवली आणि वही अण्णांपुढे ठेवली.

"अण्णा, मला याची संथा द्या."

अण्णांना इंग्रजीचं अक्षर येत नाही. त्यांनी वही चाळली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "उद्या सकाळपासून बस."

सांगायला लाज कसली, मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. वेदाची नाही तर इंग्रजीची, पण अण्णांकडून संथा मिळणार होती! त्यानंतर रोज सकाळी अण्णा एकदा म्हणत, मी दोनदा. "माय सिटी इज सिच्युएटेड ऑन द बँक्स ऑफ द होली रिव्हर" हे वाक्य अण्णांच्या आवाजात असं घुमायचं, की आई म्हणायची, "आता फक्त आरती राहिली, तीपण उरकून घ्या." दोन महिन्यांत साठही उत्तरं मुखोद्गत झाली. मी तर हवेतच होते.

परीक्षा कँटोन्मेंटातल्या एका हॉटेलात होती. समोरच्या बाईंनी आपल्या गावाबद्दल सांगायला सांगितलं आणि मी मनात म्हटलं, मारलं मैदान! सुरुवात केली. चौथ्या वाक्याला बाईंनी मध्येच विचारलं, तुम्ही नदीवर कुणाबरोबर जाता? माझा पाठ तुटला. आणि पाठ तुटल्यावर आमच्या घरात जे करतात तेच मी केलं. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. बाईंनी परत थांबवलं, मी परत "माय सिटी"पासून. तिसऱ्या वेळेला तर माझा उजवा हातही, वेद म्हणताना हलवतात तसा, स्वराबरोबर वर-खाली होऊ लागला होता. बाईंनी पेन खाली ठेवलं.

साडेपाच गुण मिळाले. विद्यापीठाने मेहेरबानी करून तीन महिन्यांची मुदत दिली, पण त्यापुढे जागा दुसऱ्याला जाणार होती.

मी घरी येऊन सगळा राग अण्णांवर काढला. "तुमच्या संथेनं माझा घात केला," असं तोंडावर बोलले. वास्तविक वही मीच नेऊन दिली होती, पण रागाला कुठे हिशेब असतो? अण्णा त्या रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हणाले, "चल, पंचगंगा घाटावर जाऊन येऊ." पायऱ्यांवर बसल्यावर त्यांनी विचारलं, "तिथे त्या बाई मध्येच प्रश्न विचारतात?"

"हो."

"मग चूक माझी झाली. ही संथा नव्हेच, हा वाक्यार्थ आहे."

वाक्यार्थ म्हणजे आमच्याकडची शास्त्रचर्चा. दोन पंडित समोरासमोर बसतात, एक मत मांडतो आणि दुसरा त्याला 'कुतः?', म्हणजे 'कशावरून?', असं विचारून सळो की पळो करतो. घोकंपट्टीवाल्याची तिथे डाळ शिजत नाही.

"कुतः ला इंग्रजीत काय म्हणतात?" अण्णांनी विचारलं.

"व्हाय."

"बस, माझं तेवढ्यावर भागेल. बोल काहीतरी."

तेव्हापासून रोज संध्याकाळी आम्ही पायऱ्यांवर बसायला लागलो. मी इंग्रजीत एक वाक्य बोलायचं, अण्णांनी "व्हाय?" म्हणायचं. मला चहा आवडतो. व्हाय? सकाळी डोकं चालत नाही. व्हाय? रात्री वाचत बसते म्हणून. व्हाय? एकदा मी चिडून इंग्रजीतूनच त्यांच्याशी भांडले, तर ते खूश होऊन म्हणाले, "हां, आत्ता बोललीस!" शेजारच्या नावेतला मल्लाह हसून म्हणायचा, "गुरुजी, बिटिया को क्यों परेशान करते हैं?" अण्णा त्यालाही "व्हाय?" विचारायचे.

माझं इंग्रजी त्यांना कळत नव्हतं, पण पाठ म्हणण्याचा सूर त्यांच्याइतका कोण ओळखणार? मी एखादं घोकलेलं वाक्य सरकवलं की लगेच हात वर व्हायचा. "थांब. हे पाठ आहे." मी अडखळून मागे वळले की म्हणायचे, "चुकू दे. पुढे चल." एका स्वरासाठी अख्खी संथा पुन्हा म्हणायला लावणारा हा माणूस मला चुकू दे म्हणत होता! त्याला किती जड गेलं असेल, हे मला फार उशिरा कळलं.

दुसऱ्या खेपेला परीक्षकाने विचारलं, लहानपणी न आवडणारा एखादा आवाज कोणता? माझ्या साठ उत्तरांत हे नव्हतंच. मी म्हटलं, खालच्या खोलीतल्या मुलांच्या पाठाचा.

"व्हाय?"

मला हसू आलं. मग मी जिन्याबद्दल सांगितलं, चोरून ऐकण्याबद्दल, रागाबद्दल. दोन-तीनदा चुकले, पण पुढे गेले. वेळ संपली तरी माझं बोलणं संपलं नव्हतं.

साडेसात मिळाले. त्या संध्याकाळी पंचगंगेवर मी अण्णांना निकाल सांगितला. सप्टेंबरात निघायचं आहे, चार वर्षांसाठी, हेही सांगितलं. मी 'व्हाय?'ची वाट पाहिली, पण तो आलाच नाही.

मग मीच सवयीने इंग्रजीत म्हणाले, "आय विल कम बॅक."

"याचा अर्थ काय?"

"मी परत येईन."

अण्णांनी मांडी नीट घातली, पाठ ताठ केली आणि डोळे मिटून म्हणाले, "आय विल कम बॅक. आय विल कम बॅक."

मी एकदा, त्यांनी दोनदा.